अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूतील भाषेची जागा शोधताना: कोकणातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

फिट येण्याच्या आजारावर, म्हणजे अपस्मारावर, शस्त्रक्रियाही करता येते हे घरात पहिल्यांदा कळते, तेव्हा त्यापाठोपाठ येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘पण बोलणे राहील ना?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी डॉक्टर जी तपासणी सांगतात तिला फंक्शनल एमआरआय म्हणतात. रुग्णांना या तपासणीसाठी तयार करणे हे माझे काम आहे आणि मी स्वतः सिंधुदुर्गातल्या मालवणी बोलणाऱ्या घरात वाढलेली आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी रुग्णाला कोणत्या भाषेत विचार करायला सांगितले आणि त्याची तयारी किती झाली होती यावर या तपासणीचा कस ठरतो, असे मी वारंवार पाहिले आहे. हे दोन्ही बऱ्याच अंशी कुटुंबाच्या हातात असल्यामुळे पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: ही तपासणी आपल्याला का सांगितली, हे समजून घ्यावे

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात राहतात. साधारण तिसरा हिस्सा रुग्णांच्या मात्र राहत नाहीत. योग्य निवडलेली आणि योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधे वापरूनही फिट थांबल्या नाहीत, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा रुग्णात फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होतात असे दिसले आणि ती जागा काढता येण्यासारखी असली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कॅनडात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कानशिलामागच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून, फिट येणाऱ्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या गटात आणि निम्म्यांना औषधांच्या गटात ठेवले होते. एका वर्षानंतर शुद्ध हरपवणाऱ्या फिटपासून मुक्त झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५८ टक्के आणि दुसऱ्या गटात ८ टक्के निघाले. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आकडे ७७ आणि ७ टक्के होते. शस्त्रक्रियेची भीती वाटणे स्वाभाविक आहे, परंतु वर्षानुवर्षे फिट येत राहण्यालाही धोका आहे आणि विहिरीवर, होडीत किंवा माडावर फिट आलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वेगळा सांगावा लागत नाही.

अडचण अशी की टेम्पोरल लोब भाषेचा शेजारी आहे. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना वस्तूंची नावे आठवण्यात पूर्वीपेक्षा अडचण येते: माणूस बोलतो, समजतो, पण नेमका शब्द ओठांवर येऊन अडतो. हा धोका कोणाला जास्त आणि कोणाला कमी, हे आधी जाणून घेण्यासाठी भाषेचा नकाशा काढायचा असतो.

दुसरी पायरी: यंत्र काय पाहते, ते थोडक्यात

पॅरिसमधील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली बोलणे गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूला पुढच्या भागात झालेली इजा दाखवून दिली आणि कार्ल वर्निके यांनी १८७४ साली समजण्याशी निगडित असलेला मागचा भाग सांगितला. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांची भाषा मुख्यतः डाव्या मेंदूत असते, तर डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांची. लहानपणीच डाव्या मेंदूला इजा झाली असेल किंवा तेव्हापासून फिट येत असतील, तर भाषा उजवीकडे सरकलेली किंवा दोन्हीकडे वाटलेली असण्याची शक्यता वाढते. म्हणूनच अपस्माराच्या रुग्णाच्या बाबतीत पुस्तकातल्या चित्रावर विसंबता येत नाही आणि प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्रपणे काढावा लागतो.

मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ताज्या, प्राणवायूने भरलेल्या रक्ताचा पुरवठा वाढतो. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त या यंत्रातील मोठ्या चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देते. हा फरक वापरून चित्र काढण्याची पद्धत सेइजी ओगावा यांनी १९९० साली मांडली. यात कोणतेही इंजेक्शन लागत नाही आणि क्ष-किरणही वापरले जात नाहीत. संकेत मात्र अतिशय क्षीण असतो, जेमतेम एक-दोन टक्क्यांच्या आसपासचा, आणि तो कामाला सुरुवात झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिखराला पोहोचतो. म्हणून २०-३० सेकंद काम, मग तेवढाच विराम, अशी आवर्तने पुन्हा पुन्हा करून घेतात.

तिसरी पायरी: घरच्या वहीत चार गोष्टी लिहून न्याव्यात

पहिली गोष्ट हाताची. ‘उजवा की डावा?’ असे विचारल्यावर आपल्याकडे बहुतेक जण ‘उजवा’ सांगून मोकळे होतात, कारण डाव्या हाताने जेवू नये, प्रसाद घेऊ नये, लिहू नये हे लहानपणीच शिकवलेले असते. त्यामुळे जेवण्याचा आणि लिहिण्याचा हात हा पुरावा मानू नये. कोयता कोणत्या हातात धरतो, दगड कोणत्या हाताने फेकतो, काडी कोणत्या हाताने ओढतो, सुईत दोरा ओवताना कोणता हात पुढे येतो, हे दोन-तीन दिवस लक्ष ठेवून लिहावे. आजी-आजोबांना विचारावे की लहानपणी हात बदलायला लावला होता का. घरात आणखी कोणी डावखुरे असल्यास तेही नोंदवावे.

दुसरी गोष्ट फिटनंतरच्या बोलण्याची. फिट ओसरल्यावर रुग्ण डोळे उघडून आपल्याकडे पाहतो, सांगितलेले करतो, पण बराच वेळ बोलू शकत नाही किंवा भलतेच शब्द उच्चारतो, असे होत असेल तर फिट भाषेच्या बाजूने येत असण्याचा तो एक धागा असतो. याउलट फिट चालू असतानाही तो स्पष्ट बोलत असेल तर धागा दुसऱ्या दिशेला जातो. शक्य असेल तेव्हा मोबाईलवर चित्रण करावे, एकच ठरावीक सोपे वाक्य प्रत्येक वेळी म्हणायला सांगावे आणि ते नीट म्हणायला किती वेळ लागला ते पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवून सुरक्षित करणे अर्थातच आधी, चित्रण त्यानंतर. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली तर चित्रण सोडून रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट औषधांची: नाव, मात्रा, वेळ आणि मागील महिन्यात झालेले बदल. टोपिरामेट या औषधाने काही जणांना शब्द सुचायला वेळ लागतो आणि त्याचा परिणाम चित्रावरही दिसू शकतो, म्हणून ते चालू असल्यास तपासणी करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे. ते स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

चौथी गोष्ट भाषेची, आणि तिच्यासाठी पुढची पायरी स्वतंत्र ठेवली आहे.

चौथी पायरी: तपासणी घरच्या बोलीत होईल असे पाहावे

रुग्णालयाच्या कागदावर ‘मातृभाषा: मराठी’ असे लिहिले जाते आणि विषय संपतो. प्रत्यक्षात मालवणात घरी मालवणी बोलतात, बाणकोट-दाभोळ पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत कोकणी बोलतात आणि शाळा अनेकदा उर्दूतून होते, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी बोली आहे, संगमेश्वराकडे आणखी निराळा ढंग आहे. पडद्यावर लहान मुलीचे चित्र आले आणि नमुना उत्तर ‘मुलगी’ असले, तरी ज्याच्या मनात आधी ‘चेडू’ येते त्याला एक शब्द सापडल्यावर दुसरा शोधावा लागतो. व्हाळ, कोंबो, पेज हे शब्द ज्याने बालपणापासून वापरले, त्याच्या भाषेचा पाया तिथे आहे. शिकून आलेली भाषा आणि घरची भाषा मेंदूत बऱ्याच अंशी एकाच जागी असतात, तरी पूर्णपणे नाही. शिवाय कमी सवयीची भाषा वापरताना लक्ष आणि कष्ट अधिक लागतात, त्यामुळे भाषेशी थेट संबंध नसलेले भागही उजळतात.

एका मोठ्या शहरातील रुग्णालयात मी हे पाहिलेले आहे. किनाऱ्यावरच्या एका मध्यमवयीन गृहिणीला हिंदीतून सूचना दिल्या गेल्या, कामही हिंदी शब्दांचे होते, आणि ‘समझ गए?’ असे विचारल्यावर संकोचाने त्यांनी मान हलवली. यंत्रात त्या शांत पडून राहिल्या, चित्र स्वच्छ निघाले आणि त्यात भाषेचा मागमूस दिसला नाही. पुन्हा तारीख, पुन्हा प्रवास आणि पुन्हा खर्च झाला. दुसऱ्या वेळी माशांची नावे मनात म्हणायला सांगितल्यावर बांगडा, तारली, सुरमई, सौंदाळा, मोरी अशी रांग लागली आणि डाव्या बाजूचे क्षेत्र ठळकपणे दिसले. चूक त्यांची नव्हती, हे मला आजही आवर्जून सांगावेसे वाटते.

म्हणून तारीख घेतानाच विचारावे की कामे कोणत्या भाषेत आहेत आणि ती आमच्या बोलीत करता येतील का. रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस थेट तिरुवनंतपुरमला जाते आणि तेथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होत असल्यामुळे काही कुटुंबे इतक्या दूरचाही विचार करतात. राज्याबाहेर जाणाऱ्यांनी तर हा प्रश्न अधिकच आधी विचारावा आणि मराठी समजणारी व्यक्ती सोबत न्यावी.

कामांचे सामान्य प्रकार असे असतात. एका प्रकारात दिलेल्या गटातली नावे मनात आठवायची असतात, जसे मासे, भाज्या, भांडी. दुसऱ्यात एका अक्षराने सुरू होणारे शब्द शोधायचे असतात. येथे देवनागरीचा एक खास प्रश्न उभा राहतो: ‘क’ म्हणजे केवळ ‘कमळ’, ‘करवंद’, की ‘काजू’, ‘किरवी’, ‘कोकम’ हेही चालतील? पूर्ण बाराखडी चालेल असे आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर रुग्ण शब्द शोधण्याऐवजी नियमाचाच विचार करत राहतो. ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे त्यांना अक्षरांचे काम देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या प्रकारात वस्तूचे नाव ऐकून क्रिया सुचवायची असते: होडी म्हटल्यावर वल्हवणे, पाग म्हटल्यावर पागणे, कोयता म्हटल्यावर तोडणे. चौथ्यात वर्णन ऐकून नाव ओळखायचे असते, उदाहरणार्थ ‘भात साठवायची बांबूची मोठी वस्तू’ ऐकून कणगी. टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेसाठी हा प्रकार मला विशेष मोलाचा वाटतो, कारण नंतर अडते ते नेमके नाव आठवण्याचेच काम. याखेरीज गोष्ट ऐकण्याचे काम असते आणि त्याच्या जोडीला तोच आवाज उलटा वाजवून ऐकवतात. उलट्या आवाजात नाद असतो पण अर्थ नसतो, त्यामुळे एकातून दुसरे वजा केले की कानाचे काम बाजूला होऊन समजण्याचे काम उरते. घरच्या माणसाच्या आवाजात तीन-चार मिनिटांची साधी गजाल, म्हणजे गप्पागोष्ट, ध्वनिमुद्रित करून दिल्यास ती वापरता येईल का, हे विचारायला संकोच करू नये. एकाहून अधिक प्रकारची कामे करून घेतली तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होतो.

पाचवी पायरी: प्रवास, झोप आणि गोळ्या

कोकणातून मुंबईला जायचे म्हणजे बहुधा रात्रीची गाडी, आणि सकाळी उतरून थेट रुग्णालय. या तपासणीसाठी असे करू नये. जागरणाने फिट येऊ शकते, फिटनंतर मेंदू काही तास मंद असतो आणि त्या अवस्थेत काढलेले चित्र दिशाभूल करू शकते. एक दिवस आधी पोहोचावे आणि नीट झोपावे. भात लावणीच्या किंवा गणपतीच्या दिवसांत घरातली धावपळ आणि जागरणे टळत नाहीत, म्हणून शक्य असेल तर तारीख त्याबाहेरची मागावी. गोळ्या एकही वेळ चुकवू नयेत. त्या प्रवासी बॅगेत खाली न ठेवता हाताशी ठेवाव्यात. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून निघावे, त्याने मनाला बळ येते, पण त्या दिवशी उपवास असेल तर तो सोडावा. मागील चोवीस तासांत फिट आली असल्यास यंत्रात जाण्याआधी सांगावे. तपासणी पुढे ढकलली गेली तरी त्यात हित आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होणार असेल, तर ही तपासणी त्यात धरली आहे की स्वतंत्र पैसे भरावे लागतील, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

सहावी पायरी: धातू

मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, केसांतील पिना, साडीची सेफ्टी पिन, कमरेचा करदोटा, ताईत हे सर्व काढावे लागते. जोडवी घट्ट बसली असतील तर ती घरीच साबणाने सैल करून काढावीत. मंगळसूत्र काढण्याची काही स्त्रियांच्या मनाला खंत वाटते, त्यांना तेवढा वेळ साधा पिवळा दोरा बांधता येईल का हे विचारावे. शरीरात पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील बसवलेले यंत्र किंवा फिटसाठी बसवलेले उपकरण असल्यास ते तारीख घेतानाच सांगावे. होड्यांच्या इंजिनावर, वेल्डिंगवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तो प्रसंग कितीही जुना असला तरी सांगावा, कारण तो कण चुंबकाने हलू शकतो आणि त्यासाठी आधी एक्स-रे काढतात. जुन्या गोंदणाच्या जागी क्वचित उष्णता जाणवते. तसे झाल्यास लगेच सांगावे.

सातवी पायरी: घरी सराव

यंत्रात साधारण पाऊण ते एक तास उताणे आणि निश्चल पडून राहायचे असते, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट असते आणि मोठा ठकठक आवाज होत राहतो. डोके दोन-तीन मिलिमीटर हलले तरी चित्र बिघडते. म्हणून आठवडाभर रोज रात्री सपाट जागी झोपून, कपाळावर वहीचा कागद ठेवून, तो न पडू देता दहा-पंधरा मिनिटे राहण्याचा सराव करावा. घरातील कोणी बाजूला बसून ‘सुरू’ आणि ‘थांब’ म्हणावे. ‘सुरू’ म्हटल्यावर मनातल्या मनात, ओठ, जीभ आणि जबडा न हलवता शब्द आठवायचे, आणि ‘थांब’ म्हटल्यावर शब्द सोडून द्यायचे. हा दुसरा भाग लोकांना वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. माशांची यादी एकदा सुरू झाली की ती विरामातही मनात चालू राहते आणि काम व विराम यांतला फरक पुसला जातो. विरामात केवळ श्वासाकडे किंवा पडद्यावरच्या फुलीकडे लक्ष द्यावे. सरावाचे गट आणि खऱ्या तपासणीतले गट वेगळे ठेवावेत, म्हणजे पाठ केलेले उत्तर येणार नाही.

साधारण सहा-सात वर्षांपासून पुढची मुले चांगल्या सरावाने हे करू शकतात. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत नुसती गोष्ट ऐकवण्यासारखे मार्ग वापरावे लागतात आणि त्यांच्या निष्कर्षांकडे अधिक सावधपणे पाहावे लागते.

आठवी पायरी: निकालाचे चित्र कसे पाहावे

करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके असे चित्र हाती येते आणि पाहणाऱ्याला वाटते की लाल म्हणजे भाषा आणि करडे म्हणजे मोकळी जमीन. तसे समजू नये. ते रंग गणिताने ठरवलेल्या मर्यादेवर अवलंबून असतात आणि मर्यादा बदलली की ठिपके लहान-मोठे होतात. उजळलेला प्रत्येक भाग बोलण्यासाठी अनिवार्य असतोच असे नाही, आणि न उजळलेला भाग काढला तरी चालेल असेही सिद्ध होत नाही. टेम्पोरल लोबच्या तळाशी, कानाच्या आणि नाकाच्या पोकळ्यांमधील हवेमुळे, संकेत क्षीण होतो किंवा नाहीसाच होतो, आणि नावे आठवण्याशी जोडलेला एक भाग नेमका तिथेच असतो. गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा गुंता जवळ असल्यासही संकेत दबतो.

ही तपासणी सर्वांत भरवशाने सांगते ती भाषेची बाजू. त्यासाठी डावीकडचे आणि उजवीकडचे उजळणे मोजून त्यांच्या फरकाला बेरजेने भागतात. उत्तर अधिक १ च्या जवळ आले तर डावी बाजू, उणे १ च्या जवळ आले तर उजवी, आणि शून्याच्या आसपास, बहुधा ०.२ च्या आत, आले तर दोन्हीकडे, असा अर्थ लावतात. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: बाजू कोणती निघाली, सर्व कामांत तीच निघाली का, आणि आमच्या माणसाने काम नीट केले होते हे कशावरून समजले. तिसऱ्या प्रश्नाला ‘बटण दाबण्याच्या उत्तरांवरून’ किंवा ‘बाहेर आल्यावर शब्द विचारून’ असे ठोस उत्तर असावे. भाषेची ही तपासणी स्मरणशक्तीबद्दल काही सांगत नाही, त्यासाठी मानसशास्त्रज्ञांची वेगळी चाचणी होते आणि तिलाही घरचीच भाषा हवी.

नववी पायरी: चित्र पुरेसे नसेल तर

पूर्वी बाजू ठरवण्यासाठी जुन वाडा यांनी १९४९ साली मांडलेली चाचणी हाच मुख्य आधार होता. जांघेतील धमनीतून नळी वर मानेपर्यंत नेऊन औषध सोडतात आणि मेंदूचा एक अर्धा भाग काही मिनिटे झोपवून दुसरा अर्धा बोलू शकतो का ते पाहतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१७ साली असे मत दिले की टेम्पोरल लोबच्या अपस्मारासह काही प्रकारांत भाषेची बाजू ठरवण्यासाठी वाडा चाचणीऐवजी फंक्शनल एमआरआयचा विचार करता येईल. चित्रे परस्परविरोधी आली किंवा भाषा दोन्हीकडे दिसली, तर वाडा चाचणी आजही उपयोगी पडते. फिटची जागा भाषेला अगदी खेटून असेल, तर मेंदूवर किंवा मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहून नेणारी बारीक टोके, ठेवून सौम्य विद्युतप्रवाहाने एकेक जागा क्षणभर थांबवून पाहतात, आणि काही वेळा रुग्णाला शस्त्रक्रियेत जागे ठेवून बोलते करतात. त्या प्रसंगी दाखवायची चित्रे आणि विचारायचे प्रश्न घरच्या बोलीतले असावेत, हा आग्रह तेव्हाही धरावा.

दहावी पायरी: शस्त्रक्रियेआधीचे बोलणे जपून ठेवावे

तारीख ठरली की रुग्णाचे दहा मिनिटांचे सहज बोलणे चित्रित करावे: कालचा दिवस कसा गेला, आमटी कशी करतात, जाळे कसे दुरुस्त करतात, काहीही चालेल. त्यासोबत घरातल्या पन्नास-साठ वस्तूंची छायाचित्रे मोबाईलवर काढून, प्रत्येकीचे नाव रुग्णाने घरच्या बोलीत किती पटकन सांगितले ते वहीत लिहावे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सूज असल्यामुळे शब्द अडखळू शकतात आणि त्यातले बरेच पुढे सुधारते, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच छायाचित्रे, त्याच क्रमाने, त्याच बोलीत पुन्हा दाखवावीत, आणि ती वही पुढच्या भेटीला वाचा उपचारतज्ज्ञांकडे घेऊन जावी.